वंगण

पावसाळा सरून मैदाने वाळली, की आमच्या घराच्या मागील गच्चीवर दर रविवारी रात्री एक पांढरे सुती कापड अंथरले जाते. त्यावर स्टीलच्या दोन वाट्या, एक चिमटा, इंजेक्शनची सिरिंज, दाढीचे अर्धे पाते, शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणि ग्रीसची लहानशी डबी इतका सरंजाम मांडला जातो. आणि मग माझा नातू, दिवसभर धुळीत पळविलेली आपली गाडी, माळावरून थकलेले कोकरू उचलून आणावे तशी दोन्ही हातांवर तोलीत, माझ्यापुढे आणून ठेवतो. त्यानंतरचे दीड-दोन तास आम्हा दोघांत फारसे बोलणे होत नाही.

ही गाडी म्हणजे खऱ्या मोटारीच्या दहाव्या हिश्श्याची, बॅटरीवर चालणारी आणि हातातील रिमोटच्या इशाऱ्यावर वळणारी बग्गी. घरातील मंडळी तिला खेळणे म्हणतात, आणि तिच्या आकाराकडे पाहता त्यांना दोष देता येत नाही. परंतु ज्याने आयुष्याची ३१ वर्षे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत फिरत्या वस्तूंची तपासणी करण्यात घालविली, त्याला तिच्या अंतरंगात डोकावल्यानंतर तो शब्द उच्चारवत नाही. चाकांत प्रत्येकी दोन आणि उरलेली गिअरपेट्यांत व आसांवर, अशी एकूण १८ बेअरिंगे तिच्यात आहेत. त्यांतील बरीचशी ५×१०×४ ह्या मापाची, म्हणजे पाच मिलिमीटरचे भोक, दहा मिलिमीटरचा बाहेरील व्यास आणि चार मिलिमीटरची जाडी. सदऱ्याच्या गुंडीएवढी वस्तू. चाकाचा व्यास सुमारे ८५ मिलिमीटर धरला, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सरळ मार्गावर सुटली असता ह्या गुंडीला मिनिटाला तीन हजारांहून अधिक फेरे घ्यावे लागतात, आणि गाडीच्या विजेच्या मोटारीतील तिच्या भावंडांचे फेरे तर तीस हजारांच्या घरात जातात. माझ्या वडिलांची बैलगाडी वैजापूरच्या बाजाराला निघाली, की तिचे चाक मिनिटाला चौदा-पंधरा फेरे घेत असे. एका पिढीचे अंतर मोजण्याची मापे अनेक आहेत. मला स्वतःला हे माप पुरते.

मुलांची शर्यत भरते ती सिडकोच्या आमच्या वसाहतीतील एका रिकाम्या भूखंडावर. पाण्याच्या जुन्या नळ्या आडव्या टाकून त्यांनी मार्ग आखला आहे, दोन ठिकाणी मुरूम रचून गाड्यांना उडी घेण्यासाठी उंचवटे केले आहेत, आणि वळणावर कोणाच्या तरी स्कूटरचे दोन निकामी टायर पुरले आहेत. जमीन निखळ मराठवाड्याची: वर मुरमाची रेती, खाली काळी माती, आणि दिवाळीनंतर ह्या दोहोंच्या घर्षणातून निघणारी ती मऊ, पिठासारखी धूळ, जी दाराच्या फटीतून, कपाटातून आणि पुस्तकांच्या पानांतूनही आपली हजेरी लावल्याखेरीज राहत नाही. बेअरिंगाच्या दोन्ही अंगांना रबराचे किंवा पत्र्याचे पातळ झाकण असते खरे, पण ते ह्या धुळीला फार काळ थोपवू शकत नाही. आत पोलादी छरे आणि त्यांच्या धावेची खाच ह्यांच्या दरम्यान तेलाचा जो पापुद्रा असतो, तो चालत्या स्थितीत एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पापुद्र्याची कल्पना येईल. पाच-दहा मायक्रॉनचा धुळीचा एक कण तेथे शिरला, की त्या पापुद्र्याच्या हिशेबी तो पर्वतच होतो. छरा त्याच्यावरून जातो, कण चिरडतो, खाचेवर ओरखडा उमटतो, ओरखड्यातून पोलादाचा आणखी सूक्ष्म कण सुटतो, आणि तोही पुढच्या फेऱ्यात मागच्याच्या बाजूने लढू लागतो. बेअरिंग मरते ते अशा अंतर्गत फितुरीने.

म्हणून धुणे. ह्या कामाचा शिरस्ता मी नातवाला घालून दिला आहे, आणि तो थोडा विस्ताराने सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही.

प्रथम बेअरिंग आसावरून उतरवून बाहेरूनच कापडाने पुसावयाचे. कारण वरची धूळ न पुसता झाकण उघडणे म्हणजे चोराला घराची किल्ली देणे होय. मग पात्याचे टोक रबरी झाकणाच्या आतल्या कडेखाली, आतील कड्याला लागून, अलगद सरकवून ते उचलावयाचे. येथे जोर उपयोगाचा नाही. झाकण एकदा मुरडले, की पुन्हा सपाट बसत नाही. पत्र्याचे ठोकून बसविलेले झाकण असेल तर त्याच्या वाटेस जाऊ नये, ते बेअरिंग तसेच बुडवावे. झाकणे वेगळ्या वाटीत साबणाच्या पाण्यात टाकावयाची, कारण पेट्रोलासारख्या द्रवात रबर फुगते. उघडे झालेले बेअरिंग दुसऱ्या वाटीत. पूर्वी ह्या वाटीत रॉकेल असे. आता ते सहजासहजी मिळत नाही, आणि मिळाले तरी मागे तेलकट ओशटपणा ठेवून जाते, म्हणून आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. ते पेट घेते. सबब हे काम गच्चीवर, वाऱ्यात, आणि देवघरातील निरांजन विझल्यानंतर.

द्रवात बुडालेले बेअरिंग चिमट्याने धरून हलविले, की पहिल्या क्षणी काहीच होत नाही. नंतर छऱ्यांच्या मधून एक करडा धूर निघावा तसा मळ बाहेर येऊ लागतो, वाटीच्या तळाशी उतरतो आणि तेथे दिव्याच्या उजेडात त्यातील काही कण चमकतात. जे चमकतात ते पोलादाचे, जे चमकत नाहीत ते आमच्या भूखंडाचे. नातवाला मी हा फरक दाखवून ठेवला आहे, कारण चमकणारे कण अधिक दिसू लागले, तर ते बेअरिंग धुऊन सुधारण्याच्या पलीकडे गेले असे समजावे लागते. तीन वेळा द्रव बदलावयाचा; तिसऱ्या वेळी तो निर्मळ राहिला, तर बेअरिंग कापडावर काढावयाचे.

आणि येथे, वाळविण्याच्या टप्प्यावर, मोह उभा राहतो. मी १९८६ साली औरंगाबादला आलो, त्याच्या आदल्याच वर्षी वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला होता, आणि त्याच्या आसऱ्याने लहानमोठ्या कारखान्यांची रांग उभी राहू लागली होती. अशाच एका कारखान्यात मी उमेदवार म्हणून लागलो. पहिल्या महिन्यातील गोष्ट. धुतलेले एक बेअरिंग मी बोटावर धरले आणि हवेच्या नळीचा झोत त्याच्यावर सोडला. ते असे काही फिरू लागले, आणि त्यातून असा काही चढता, भोंग्यासारखा सूर निघाला, की माझे भान हरपले. इतक्यात मागून आमच्या वृद्ध मिस्त्रींचा हात आला आणि त्यांनी नळी बंद केली. “पोरा, त्याला गाणं समजू नको,” ते म्हणाले, “कोरडं बेअरिंग ओरडतंय ते.” मग त्यांनी मला भिंगाखाली दाखविले: तेल नसताना छरे धावेवरून लोळत नाहीत, घसरतात, आणि घसरलेल्या प्रत्येक छऱ्याची खूण खाचेवर राहते. शिवाय अशा वेगात ते फुटून माणसाच्या डोळ्यांत गेले तर काय, हेही त्यांनी सांगितले. त्या दिवसापासून आजतागायत मी धुतलेले बेअरिंग वाऱ्याने फिरवून वाळविलेले नाही. ते कापडावर ठेवावे, आणि हवा मारणेच झाले तर दोन्ही कडी बोटांत घट्ट धरून मारावी.

नातवाला मात्र हा मोह वेगळ्याच रूपाने भेटला. त्याने पहिल्यांदा एकट्याने बेअरिंगे धुतली तेव्हा एक कोरडे बेअरिंग पेन्सिलीवर लावले आणि टिचकी मारली. ते फिरत राहिले, फिरतच राहिले. शेजारचे, मी ग्रीस भरून ठेवलेले, त्याने तसेच फिरविले. ते दोन-तीन वळणांत थांबले. “आबा, बघा ना, तुमच्या ग्रीसमुळेच गाडी हळू पळते!” असे तो म्हणाला, आणि त्याच्या पुराव्याला त्या क्षणी तरी उत्तर नव्हते. मी त्याला अडविले नाही. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात त्याच्या मताप्रमाणे कोरडी बेअरिंगे घालावीत आणि उजव्या चाकात माझ्या मताप्रमाणे, असा तह ठरला. रविवारी संध्याकाळी गाडी परत आली ती डाव्या चाकातून घरघरत. झाकण उघडले तर आत तांबूस, गंजासारखी भुकटी साठलेली, आणि आरशासारखी असलेली खाच निस्तेज झालेली. बोटावर भार शून्य असतो. म्हणून तेथे कोरडेपणा वेगासारखा भासतो. मैदानावर पावणेदोन किलोची गाडी उंचवट्यावरून उडून जमिनीवर आदळते, वळणावर सगळे वजन एका अंगावर येते, आणि तेथे छरा व धाव ह्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे त्या पापुद्र्यावाचून दुसरे कोणी नसते. बेअरिंगाची परीक्षा भाराखाली करावी, टिचकीने करू नये. ही एवढी एक बाब जर त्या मुलाच्या मनात रुजली असेल, तर रविवारच्या रात्री सत्कारणी लागल्या असे मी म्हणेन.

पण कोरडेपणाला भिऊन भरमसाट तेल ओतणे, हीही तितकीच मोठी चूक आहे, आणि ती आमच्या पिढीची चूक आहे. बेअरिंगातील मोकळ्या जागेच्या सुमारे एक तृतीयांश ग्रीस भरावे. अधिक भरले तर छरे ते घुसळीत बसतात, घुसळण्याने उष्णता होते, आणि उष्णतेने ग्रीस पातळ होऊन झाकणाबाहेर येते, तेथे धूळ त्याची वाटच पाहत असते. मोटारीच्या बेअरिंगांना, जेथे फेरे अफाट आणि भार बेताचा, ग्रीस न देता पातळ तेलाचा एकच थेंब द्यावयाचा, आणि तो उडून जातो म्हणून दर रविवारी नव्याने द्यावयाचा. सिरिंजच्या सुईच्या टोकाशी हा थेंब मोहरीएवढा होईपर्यंत थांबावे लागते. नातवाचा श्वास त्या वेळी थांबलेला असतो. थेंब छऱ्यावर टेकतो, आणि केशाकर्षणाने स्वतःहून आत ओढला जातो; दुसरा थेंब मागू नये.

माझ्या वडिलांना हे प्रमाण कोणी शिकविले होते कोण जाणे. त्यांच्या गाडीच्या कण्याखाली वंगणाचे एक नळकांडे टांगलेले असे. त्यात एरंडेल तेलात कालविलेली चुलीतील काजळी आणि त्यात बुडविलेली चिंधी गुंडाळलेली एक काडी. लांबच्या गावाला निघावयाचे झाले, की पहाटे कंदिलाच्या उजेडात ते चाक जरासे बाहेर ओढीत, ती काडी कण्याभोवती दोनदा फिरवीत आणि चाक परत सारीत. तिसऱ्यांदा फिरविलेली मी कधी पाहिली नाही. वंगण संपत आले, की चाक कुरकुरू लागे, आणि ती कुरकुर ऐकून आमची आई घरातून सांगे, की गाडी तहानली आहे. निजामी अंमलात वाढलेल्या त्या माणसांनी बेअरिंग हा शब्द ऐकला नव्हता. तथापि लाकडाने लोखंडावर फिरावयाचे तर मध्ये तिसरा कोणी हवा, आणि तो बेताचाच हवा, हे त्यांना पुरते ठाऊक होते. जात्याची माकडी झिजली हे घरातील बायकांना जसे न पाहता कळे, तसेच.

छऱ्यांच्या बेअरिंगाचा जन्मही गाडीच्याच आसाशी झाला, ही गोष्ट मला फार वर्षांनी वाचनात मिळाली आणि तिने मला विलक्षण आनंद दिला. वेल्समधील फिलिप वॉन ह्याने १७९४ साली घोडागाडीच्या आसासाठी छऱ्यांचे बेअरिंग कल्पून त्याचे पेटंट घेतले. १८६९ साली पॅरिस ते रूआँ ही सुमारे १२३ किलोमीटरची सायकलींची शर्यत जेम्स मूरने जिंकली, तेव्हा त्याच्या सायकलीत छऱ्यांची बेअरिंगे होती. म्हणजे शर्यत आणि बेअरिंग ह्यांचे सख्य आजचे नव्हे. परंतु छरे एकसारखे गोल नसतील तर सारा भार त्यांतल्या मोठ्यावरच पडतो. ही अडचण दूर झाली ती १८८३ साली, जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिख फिशरने छरे घासून एकसारखे गोल करणारे यंत्र सिद्ध केले तेव्हा. १९०७ साली स्वेन विंगक्विस्टने स्वीडनमध्ये एसकेएफ कंपनी स्थापिली, आणि पुढे त्याच कंपनीचा कारखाना आपल्या पुण्याजवळ चिंचवडला आला. भारतात १९६५ पासून सुईसारख्या बारीक रोलरांची बेअरिंगे बनविणाऱ्या एनआरबीचे कारखाने आमच्या शहरात आणि शेजारच्या जालन्यातही आहेत. ज्या शहरात बाहेरगावचे लोक केवळ लेण्यांच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून उतरतात, त्या शहराच्या भोवती इतकी माणसे रोज पोलादाचा गुळगुळीतपणा मायक्रॉनमध्ये मोजीत बसली आहेत, ह्याचा मला अभिमान वाटतो. आणि तो आमच्या साहित्यात कोठे फारसा उमटला नाही, ह्याची खंतही वाटते.

त्या कारखान्यांचे टाकाऊ बेअरिंग आमच्या वसाहतीत मुलांच्या हाती पडे. माझा मुलगा लहान असताना त्याने आणि त्याच्या मित्रांनी फळीला तीन बेअरिंगे ठोकून बेअरिंगची गाडी केली होती. उताराच्या डांबरी रस्त्यावर तिचा आवाज असा होई, की दुपारची झोप मोडलेली सारी गल्ली दाराशी येई. त्या बेअरिंगांना कोणी कधी धुतले नाही, तेल दिले नाही, आणि तरी ती वर्षभर टिकली. नातू हे उदाहरण अधूनमधून माझ्यापुढे ठेवतो. मी त्याला सांगतो, की ती बेअरिंगे खऱ्या यंत्रासाठी घडविलेली होती, मुलाचे वजन त्यांना फुलासारखे होते. तुझी बेअरिंगे गुंडीएवढी आहेत आणि तू त्यांच्याकडून वादळ मागतोस.

गेल्या महिन्यात त्याला घेऊन मी पाणचक्कीला गेलो होतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, खाम नदीच्या काठी, दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवरून सोडले आहे. त्याच पाण्याच्या जोराने एके काळी तेथे जाते फिरे आणि फकीर व यात्रेकरू ह्यांच्या अन्नासाठी दळण होई. सहलीला आलेली माणसे हौदातील मासे पाहत होती. आम्ही दोघे चक्कीच्या खोलीशी उभे राहून त्या दगडाकडे पाहत होतो. इतका जड दगड एका उभ्या आसावर तोलून फिरता ठेवणे, आणि वरच्या व खालच्या तळीत दाणा भरडला जावा पण दगड दगडाला लागू नये एवढेच अंतर राखणे, हे ज्याने साधले तो कारागीर आपल्याच जातकुळीचा, असे मी नातवाला म्हटले. त्याने विचारले, “आबा, ह्याला वंगण कोण घालत असेल?” ज्याच्यावर दळणाची जबाबदारी होती तो, इतकेच मी त्याला सांगू शकलो.

शहरात हल्ली अनेक जण म्हणतात, की एवढी खटपट कशासाठी. नव्या बेअरिंगांचा संच मागवावा, जुना टाकून द्यावा. किमतीच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खोडून काढता येणार नाही. तरीही जो धुतो त्यालाच आपले बेअरिंग कशाने मेले हे कळते: धुळीने, पाण्याने, आदळण्याने, की आपल्याच आळसाने. पाण्याने मेलेल्याच्या छऱ्यांवर गंजाचे ठिपके असतात. आदळून मेलेल्याच्या खाचेवर छऱ्यांच्या अंतराने बारीक खड्डे उमटलेले असतात, आणि ते फिरविताना ठरावीक अंतराने अडखळते. आमच्या कारखान्यात ह्या अडखळण्याला ‘दाणा लागणे’ म्हणत. बाहेरील कडे दोन बोटांत धरावे, आतल्या कड्यात पेन्सिल घालून ती सावकाश फिरवावी, डोळे मिटावेत. दाणा असेल तर तो डोळ्यांच्या आधी बोटाला लागतो. हे मी नातवाला पुष्कळदा करून दाखविले होते, पण त्याला ते कधी लागत नसे, आणि माझ्या शब्दावर विसंबून तो मान हलवी.

परवाच्या रविवारी १८ बेअरिंगे धुऊन कापडावर ओळीने मांडली होती. मी चष्मा पुसत होतो. नातवाने त्यांतील उजव्या मागच्या चाकाचे एक उचलले, पेन्सिलीवर लावले, डोळे मिटून फिरविले, पुन्हा फिरविले आणि ते ओळीतून काढून बाजूला ठेवले. “आबा, ह्याला दाणा लागतोय,” तो म्हणाला. मी ते घेऊन पाहिले. दाणा होता. उरलेली १७ आम्ही वंगण घालून परत बसविली, आणि त्या एकाच्या जागी नवे घातले.